इतिवृत्त

सभा दुपारी साडेतीन वाजता सुरू झाली.
हजर नऊ, गैरहजर दोन.
विषय क्रमांक चार : स्वमग्न व्यक्ती आणि त्यांची कुटुंबे,
यांच्यासाठी स्थानिक सोयींचा आराखडा.
एवढं नीट लिहिलं.
अकरा वर्षं दिवाडीच्या पंचायतीत लिहितोय.

पणजीहून आलेल्या साहेबांनी बेटाचा नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप ठेवले
आणि लाल पेनाने एक वर्तुळ काढलं
नदीच्या पलीकडे.
"केंद्र इथं. लाभार्थी इथं येतील."

लाभार्थी तेव्हा दाराशी उभे होते.
एक मिंगेल, वय सेहेचाळीस,
ज्याला उभा गाव पिसो म्हणतो
आणि फेरीबोट चुकली की त्यालाच विचारतो, पुढची कधी.
दुसरी शलाका, सतरा, कानांवर हात,
कारण आमच्या सभागृहातली तिसरी ट्यूबलाइट गुणगुणते.
मला ती आजवर ऐकू आली नव्हती.
आता थांबतच नाही.

मिंगेलची बहीण क्लोतिल्डा उठली.
"साहेब, तुमच्या ह्या वर्तुळाला धक्का कुठं आहे?
पाऊस असला की तो बोटीत पाय ठेवत नाही.
आई होती तोवर आईनं ओढलं, आता मी ओढते,
आणि माझे गुडघे बघा.
माझ्यामागं कोण,
हा रकाना तुमच्या फॉर्मात नाही."
साहेब म्हणाले, सूचना नोंदवून घ्या.
घेतली.
इतिवृत्तात ती अशी आहे :
वाहतुकीबाबत चर्चा झाली.

मग सरपंच बोलले, आणि मनापासून बोलले.
आपला गाव सांभाळून घेतो हो.
तो पोदेर ब्राझ बघा,
शलाकाला भोंगा सोसत नाही हे कळल्यापासून
वळणावर सायकलवरून उतरतो,
चालत येतो, फाटकाला सहा उंड्यांची पिशवी अडकवतो
आणि चार घरं ओलांडल्यावरच पुन्हा पों पों.
कुठल्या योजनेत बसतं हे?
टाळ्या पडल्या.
टाळ्यांमुळे शलाका बाहेर गेली.

तिची आई, मेधा प्रियोळकर, बसूनच म्हणाली,
"ब्राझ बहात्तर वर्षांचा आहे.
मुलगा बोटीवर, नातू पोर्तुगालला.
मे महिन्यात तो आजारी पडला तेव्हा
बदली पोरगा भोंगा वाजवत दारात आला.
त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
चार दिवस माझी मुलगी पाण्याच्या पिंपामागं बसून होती.
चांगुलपणाला बदली माणूस नसतो, सरपंच.
म्हणून तो लिहून ठेवावा लागतो.
शिकवणार कोण, पगार किती,
रविवारी कोण."

कुणीतरी आपला कप उचलला.
नकाशा एका बाजूनं गुंडाळला गेला
आणि लाल वर्तुळ आत गेलं.

ठराव :
पंचायतीमागची मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी करणे.
आठवड्यातून तीन दिवस थेरपिस्टने फेरीबोटीनं इकडे येणे.
गावातलाच एक माणूस, पगारी.
बोटीवरचे खलाशी, आरोग्य केंद्रातली नर्स, नवा पोदेर,
यांना दोन दुपारी शिकवणे.
क्लोतिल्डाच्या रकान्यासाठी वेगळी सभा.
निधी : पाहू.
(पाहू हा शब्द मी अकरा वर्षांत किती वेळा लिहिला
हे बहुधा मिंगेल सांगू शकेल.)
तिसरी ट्यूबलाइट बदलणे.
हे कुणी मांडलं नव्हतं. मीच घातलं,
शेवटी, बारीक अक्षरात.

सगळे धक्क्याकडे गेल्यावर शलाका आत आली.
माझ्याकडे न बघता वहीवर वाकली,
पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
"तीन सदतीस."

खोडलं.
बाजूला सही केली.